पिवळी पाटी, चलान आणि ट्रॅफिक पोलीस: नव्या कॅबचालकांसाठी

गाडी चालवता येते म्हणजे कॅब चालवता येईल, असे पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच वाटते. मग एके दिवशी मोबाइलवर मेसेज येतो: ५०० रुपयांचे चलान. ज्या ट्रिपमध्ये ते पडले, तिची कमाई बहुतेक वेळा त्याच्या निम्मीही नसते.

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत ॲपवर किंवा टूरिस्ट परमिटवर कॅब चालवायला जे नव्याने उतरले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. काळी-पिवळीवाल्यांनाही बरेचसे लागू पडेल. दारू पिऊन गाडी चालवणे, अपघात, कुणाला इजा होणे या गोष्टी इथे धरलेल्या नाहीत. तिथे तडजोड शुल्क भरून सुटका नसते, सरळ वकील गाठावा. इथे बोलायचे आहे ते रोजच्या बारीकसारीक पावत्यांबद्दल.

पूर्वी हवालदार पावती फाडायचा, पैसे दिले की विषय संपायचा. आता चलान गाडीच्या नंबरावर चढते आणि भरेपर्यंत तिथेच बसून राहते. गाडी पासिंगला (फिटनेस तपासणीला) नेली, परमिट नूतनीकरणाला अर्ज केला, गाडी विकायला काढली, की सगळी एकदम बाहेर येतात. चौकात हुज्जत घालून त्यातले काही कमी होत नाही. पुढे उपयोगी पडते ती तुमच्याजवळची नोंद: फोटो, वेळ, कागद. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या नोंदीभोवतीच फिरतात.

१. चावी घेण्याआधी गाडीवरची जुनी चलाने बघा

नवा माणूस सहसा स्वतःची गाडी घेत नाही. रोजच्या भाड्याने, आठवड्याच्या हिशोबाने किंवा टक्केवारीवर मालकाची गाडी घेतो. अशी गाडी घेताना लोक टायर बघतात, एसी बघतात, गॅस किती भरलाय ते बघतात. चलान कुणी बघत नाही.

महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकले की थकीत चलाने दिसतात. महाट्रॅफिकॲपमध्येही गाडी जोडून बघता येते. पण तेवढ्यावर थांबू नका. आरटीओची वायुवेग पथके जी चलाने करतात ती केंद्राच्या परिवहन ई-चलान पोर्टलवर असतात. पोलिसांच्या साइटवर पाटी कोरी दिसली तरी तिकडे मोठा आकडा असू शकतो. दोन्हीकडे बघा.

बघून झाले की दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा: «आज गाडी ताब्यात घेतली, आधीची चलाने ही अशी आहेत.» मालकाने उत्तर दिले नाही तरी चालेल, तारीख-वेळ पडली की पुरे. महिनाअखेरीला हिशोबातून कुणाचे चलान कापायचे यावर जी भांडणे होतात, त्यातली बरीच या एका मेसेजने मिटतात.

आणखी एक बघायचे: आरसीवर मोबाइल नंबर कुणाचा आहे. चलानचा मेसेज त्याच नंबरावर जातो. तो मालकाचा असेल, किंवा मालकाने कधीचा बंद केलेला असेल, तर तुम्हाला कळणारच नाही. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून स्वतः तपासायची सवय लावा.

२. गाडीत आणि मोबाइलमध्ये काय काय हवे

* आरसी, आणि त्यावर गाडी परिवहन संवर्गात नोंदलेली हवी. सीएनजी किट बाहेरून बसवले असेल तर त्याची नोंदही आरसीवर हवी.
* परमिट. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी नोंदणीच्या गाडीत भाड्याचे पॅसेंजर घेतले तर ते विनापरमिट धरले जाते. मोटार वाहन कायद्याचे कलम १९२-अ (पुढची बहुतेक कलमेही याच कायद्याची), कायद्यात १०,००० रुपये दंड, आणि गाडी अडकवून ठेवता येते. «फक्त दोन-चार दिवस, पिवळी पाटी येईपर्यंत» असे म्हणणाऱ्या मालकाची गाडी घेऊ नका.
* फिटनेस, म्हणजे आपल्या भाषेत पासिंग. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी.
* विमा, तोही प्रवासी वाहनाचा. विमा नसेल तर कायद्यात पहिल्यांदा २,०००, पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये.
* पीयूसी. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षभर चालते, म्हणूनच नेमकी संपलेली लक्षात येत नाही. इथे कायद्यातला दंड १०,००० पर्यंत जातो.
* सीएनजी टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी होते, तिचे प्रमाणपत्र.
* कर भरल्याची पावती.
* तुमचे लायसन्स आणि बॅज.

बॅजबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण इथे गोंधळ फार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले की हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन चालवू शकतो. ती बातमी वाचून «आता बॅजची गरज नाही» असे व्हॉट्सॲपवर फिरले. तो निकाल लायसन्सच्या वर्गाबद्दल होता. सार्वजनिक सेवा वाहनाच्या चालकाला लागणारा बॅज हा राज्याच्या नियमांतला वेगळा विषय आहे. बॅज काढायला पोलीस पडताळणी लागते, वेळ जातो, म्हणून गाडी शोधण्याआधी तो अर्ज टाका.

कागद मूळ प्रतीतच दाखवायला हवेत असे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली कागदपत्रे चालतात. डिजीलॉकर किंवा एम-परिवहनमधली आरसी आणि लायसन्स मूळ प्रतीसारखीच धरायची असतात. गॅलरीत ठेवलेला आरसीचा फोटो मात्र त्यात मोडत नाही. दोन्ही ॲपमध्ये आधीच लॉगइन करून ठेवा. नाक्यावर उभे राहून पासवर्ड आठवत बसले की समोरच्या साहेबांचा सूर बदलतो, शिवाय घाटात नेटवर्क नसतेच. परमिट आणि फिटनेसची रंगीत झेरॉक्स डॅशबोर्डच्या कप्प्यात असू द्या. कायद्याने पुरेल की नाही हा वेगळा प्रश्न, बोलणे लवकर आटोपते.

३. कॅबवाल्याला कशाकशाचे चलान पडते

२०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढले, महाराष्ट्रात ते डिसेंबर २०२१ पासून लागले. कलम १७७ हे सर्वसाधारण कलम. ज्याला वेगळे कलम नाही ते सगळे यात येते. पहिल्यांदा ५००, पुन्हा तोच गुन्हा झाला की १,५००. नव्या चालकाचे कंबरडे या १,५०० नी मोडते, कारण गाडी दोन शिफ्टमध्ये चालत असेल तर नंबर एकच असतो. पहिले चलान दिवसपाळीवाल्याचे आणि वाढीव दंड रात्रपाळीवाल्याच्या गळ्यात, असे होऊ शकते.

*थांबण्याच्या जागा.* आपल्या धंद्यातले सर्वाधिक चलान इथले. पुणे स्टेशनसमोर पॅसेंजर म्हणतो, «इथेच सोडा, गाडी सुटेल.» तुम्ही डावीकडे घेता. तो उतरतो. मग डिकी उघडायची असते. मग एक बॅग मागच्या सीटवर राहिलेली असते. मग तो युपीआय करायला लागतो आणि त्याचे नेट चालत नाही. तेवढ्या वेळात मागून कुणीतरी नंबरप्लेटचा फोटो घेतलेला असतो. तुम्हाला कळतही नाही, कारण तुम्ही पैसे आल्याचा आवाज ऐकायला कान लावून बसलेले असता.

यावर माझा उपाय साधा आहे. ड्रॉप येण्याआधीच्या सिग्नलला पॅसेंजरला सांगायचे: «साहेब, समोर उभे राहू देत नाहीत. सामान हाताशी घ्या, पैसे आत्ताच करून टाका, मी थोडे पुढे मोकळ्या जागी घेतो.» नव्वद टक्के लोक ऐकतात. बाकीचे एखादा स्टार कमी देतील, तो परवडतो. बसस्टॉपवर, झेब्रावर, पुलाच्या चढावर आणि चौकाच्या तोंडाशी थांबू नका. रस्ता मोकळा दिसला तरीही नाही. विमानतळांवर पिकअपच्या जागा ठरलेल्या आहेत. पुण्यात लोहगावला ॲपच्या कॅब एरोमॉल या पार्किंगच्या इमारतीतून भरतात. पॅसेंजर गेटवर बोलावत असेल तर फोनवरच नाही म्हणा.

गाडी उचलून नेली तर टोइंगचे पैसे दंडाशिवाय वेगळे लागतात. चालक स्टिअरिंगवर असेल तर गाडी सहसा उचलत नाहीत, चलान करतात. म्हणून चहाला उतरायचे असेल तर गाडी नीट पार्किंगमध्ये लावूनच उतरा.

*मोबाइल.* आपला मोबाइल हीच आपली रोजीरोटी, आणि हातात धरला की तोच गुन्हा. २०२० च्या नियमबदलानुसार चालवताना हे उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येते, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. त्यामुळे स्टँडवर लावलेला नकाशा चालतो. चालत्या गाडीत पुढची ट्रिप स्वीकारायला बोट पुढे गेले की ते कॅमेऱ्यात वापर म्हणूनच दिसते. ऑटो-ॲक्सेप्टची सोय असेल तर चालू करा, नसेल तर सिग्नलला थांबल्यावर बघा, ट्रिप गेली तर गेली. स्टँड एसीच्या जाळीवर, नजरेच्या थोडा खाली लावा. काचेच्या मधोमध लावलेला स्टँड रस्ताही झाकतो आणि बाहेरून आधी तोच दिसतो.

*सीटबेल्ट.* तुमचा बेल्ट तुम्ही लावताच. प्रश्न मागच्यांचा आहे. नियम १३८ प्रमाणे मागे समोर तोंड करून बसलेल्यांनीही बेल्ट लावायचा आहे. २०२२ साली पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाल्यानंतर मुंबई पोलिसांनी हा विषय लावून धरला. कायद्यात १,००० रुपयांची तरतूद आहे. आता तुमच्याच गाडीची मागची सीट बघा. नव्या सीटकव्हरखाली बेल्टची कुलपे दाबून टाकलेली असतात आणि पॅसेंजरने शोधली तरी सापडत नाहीत. कव्हर बसवणाऱ्याकडूनच त्या जागी कापून घ्या. शिवून दिल्यासारखे नीट करून देतात.

*वेग.* पिवळ्या पाटीच्या गाडीला ८० चा गव्हर्नर (वेग रोखणारे यंत्र) असतो, म्हणून वेगाचे चलान पडणारच नाही अशी एक समजूत आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या सपाट भागात ती खपते, कारण कारसाठी मर्यादा १०० आहे. बोरघाटात ६० आहे, आणि तुमची गाडी उतारावर ७५ ने आरामात जाते. जुलै २०२४ पासून तिथे नवी कॅमेरा यंत्रणा चालू आहे. ती वेगाबरोबर सीटबेल्ट, मोबाइल आणि लेनही टिपते. शहरातल्या उड्डाणपुलांवर मर्यादा आणखी खाली असतात. पाटी बघून चाला, गव्हर्नरच्या भरवशावर नको.

*सिग्नल, स्टॉपलाइन आणि उलट दिशा.* इथे दंडाच्या रकमेपेक्षा कलम महत्त्वाचे. तुम्ही झेब्रावर थांबलात तर ते १७७ मध्ये बसते. पण लाल दिवा तोडणे, गाडी चालवताना मोबाइल हातात धरणे, प्रवाहाच्या उलट जाणे ही २०१९ पासून कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात, नावानिशी घातलेली आहेत. त्या कलमाखाली कैदेचीही तरतूद आहे आणि पोलीस लायसन्स जप्त करून निलंबनासाठी पाठवू शकतात. मुंबईत आणि पुण्यात उलट दिशेने गाडी घालणाऱ्यांवर थेट गुन्हे नोंदवले गेले आहेत. यू-टर्न एक किलोमीटर लांब पडतो म्हणून सोसायटीच्या गेटपर्यंत उलटे जाणे, हा प्रकार रात्री सगळे करतात. गुन्हा नोंदवला गेला की बॅज नूतनीकरणाच्या पडताळणीत तो दिसतो आणि ॲपवाली कंपनीही आयडी बंद करू शकते. एक किलोमीटरचा गॅस त्यापुढे काहीच नाही.

*जास्तीचे पॅसेंजर.* चार अधिक एकच्या (चार पॅसेंजर आणि चालक) गाडीत पाचवा पॅसेंजर बसला तर कलम १९४-अ, माणशी २०० रुपये. «लहान आहे, मांडीवर बसेल» म्हणणारे नंतर चलान भरायला येत नाहीत.

काळ्या फिल्म (सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंद केल्या), फॅन्सी नंबरप्लेट, तुटलेला टेललॅम्प, गणवेश नसणे, ही फुटकळ कारणे. पण नाकाबंदीत गाडी बाजूला घ्यायला ती पुरतात, आणि एकदा बाजूला घेतली की मग सगळेच कागद निघतात.

४. पोलिसांनी हात केला तर

थांबा. सुसाट निघून गेलात तर आदेश न मानल्याचे कलम १७९ वेगळे लागते, २,००० पर्यंत, आणि नंबर तर त्यांनी पाहिलेलाच असतो. इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या, इंजिन बंद करा, काच पूर्ण खाली करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा.

«साहेब, काय झालं?» एवढेच विचारा. «सगळे जातात, मलाच का धरलं?» हे वाक्य आयुष्यात कुणाच्या कामी आलेले नाही.

गणवेशातल्या पोलिसाने मागितले तर कलम १३० प्रमाणे लायसन्स आणि कागद दाखवावे लागतात. त्यांनी लायसन्स ठेवून घेतले तर कलम २०६ प्रमाणे तुम्हाला पोच मिळाली पाहिजे. त्या पोचपावतीवर तुम्ही गाडी चालवू शकता, पावती नसेल तर नाही. म्हणून लायसन्स दिले आणि पोच मिळाली नाही, असे होऊ देऊ नका. चावी ओढून काढली जाते, तशी तरतूद कायद्यात कुठे नाही. पण त्यावर तिथेच झटापट करू नका. सरकारी कामात अडथळ्याचे कलम, जुन्या दंड संहितेतले ३५३, आता भारतीय न्याय संहितेत १३२, हे चालकाच्या नावावर एकदा लागले की ५०० रुपयांची गोष्ट कोर्टाच्या तारखांवर जाते. पोलिसाच्या नेमप्लेटवरचे नाव, चौक, वेळ लक्षात ठेवा आणि पुढे गेल्यावर लिहून ठेवा.

चलान मान्य असेल तर त्यांच्या मशीनवर कार्डने किंवा युपीआयने भरता येते, नाहीतर नंतर ऑनलाइन. लगेच भरण्याची सक्ती नसते. चूक नाही असे वाटत असेल तर भरू नका, «नंतर बघतो» म्हणा आणि निघा. भरले की गुन्हा कबूल केल्यासारखे होते, मग तक्रारीला जोर राहत नाही.

आता मांडवलीचे. «चलान ५०० चे होईल, २०० देऊन टाक» असे कानावर येते, आणि नवा माणूस हिशोब करून देतोही. त्यात पावती नाही. मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणी आधीच तुमच्या नंबराचा फोटो घेतला असेल तर चलान त्यानंतरही पडते. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे. सगळे पोलीस असे नसतात, हेही तितकेच खरे. पावसात उभे राहून चौक मोकळा करणारे तेच असतात, आणि समोरचा शांत बोलतोय म्हणून «जा, पुढच्या वेळी बघून» म्हणणारेही भेटतात.

५. मेसेज आला: आधी खरा की खोटा ते बघा

सध्याचा सर्वात महागडा सापळा चलान नसून चलानचा खोटा मेसेज आहे. व्हॉट्सॲपवर पोलिसांचे बोधचिन्ह असलेला मेसेज येतो, गाडीचा नंबरही बरोबर असतो, आणि खाली «आरटीओ चलान» नावाची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) असते. ती उघडून बसवली की फोनमधले ओटीपी दुसरीकडे जातात आणि खाते रिकामे होते. चालकांचे सगळे व्यवहार एकाच फोनवर असल्याने आपण यात सोपे सावज आहोत.

खरे चलान एपीके फाइल म्हणून येत नाही. मेसेजमधल्या लिंकवर न जाता संकेतस्थळ स्वतः उघडा, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघा, गाडीचा नंबर टाका. तिथे चलान नसेल तर मेसेज खोटा. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर फोन करा.

६. चलान वाचायला शिका

रक्कम बघून लोक चलान बंद करतात. उघडा आणि फोटो मोठा करून बघा.

नंबरप्लेट तुमच्याच गाडीची आहे का? आठ आणि तीन, शून्य आणि इंग्रजी डी यांची सरमिसळ होते. गाडीचा रंग, मॉडेल, टपावरचे कॅरिअर जुळते का? फोटोत दुचाकी दिसते आणि चलान तुमच्या सेडानवर, असेही निघते. मग जागा आणि वेळ. त्या वेळी तुम्ही कुठे होतात हे ॲपच्या ट्रिप हिस्टरीत मिनिटासह नोंदलेले असते, शिवाय फास्टॅगची नोंद असते. जीपीएस यंत्र गाडीत आहेच, मालकाकडे त्याचा लॉगइन असतो. खासगी गाडीवाल्याकडे इतका पुरावा कधीच नसतो, आणि आपण तो वापरत नाही.

मग कलम बघा: १७७ की १८४. आणि शेवटी तारखा. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवावी, असे केंद्रीय नियम १६७-अ सांगतो. नोटीस उशिरा आली म्हणून चलान आपोआप रद्द होत नाही, पण तक्रारीत तो मुद्दा जरूर लिहा.

फोटो पोलिसाच्या खासगी मोबाइलने काढला असावा असे दिसत असेल तर तेही लिहा. खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर चलान टाकू नये, असे राज्याच्या वाहतूक पोलिसांनी २०२५ मध्ये बजावले आहे.

७. चुकीचे असेल तर तक्रार

महाट्रॅफिकॲपमध्ये आणि संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. चलान क्रमांक निवडा, कारण लिहा, पुरावे जोडा. लिहिताना चार ओळींच्या वर जाऊ नका. «मी गरीब चालक आहे, माझ्यावर अन्याय झाला» हे वाचणाऱ्याला काहीच करता येत नाही. असे लिहा: «चलानच्या वेळी गाडी हिंजवडी फेज दोन येथे ट्रिपवर होती. ट्रिपचा स्क्रीनशॉट आणि जीपीएस नोंद जोडली आहे. फोटोतील वाहन पांढरी हॅचबॅक आहे, माझे वाहन राखाडी सेडान आहे.» हे वाचून निर्णय घेता येतो.

उत्तर आले नाही तर शहराच्या वाहतूक शाखेच्या मुख्य कार्यालयात छापील प्रत घेऊन जा. मुंबईत ते वरळीला आहे. पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

स्वतःची चूक असेल तर मात्र तक्रारीच्या भानगडीत पडू नका. झेब्रावर उभी असलेली गाडी फोटोत स्वच्छ दिसत असताना «पॅसेंजरला घाई होती» लिहून काही होत नाही, आणि पुढच्या खऱ्या तक्रारीच्या वेळी आपलाच उत्साह गेलेला असतो.

८. भरायचे कधी, आणि लोकअदालतीचे काय

लहान चलान लगेच भरून मोकळे व्हा, हा माझा सल्ला आहे. बरेच चालक उलट सांगतात: साठू द्या, लोकअदालतीत अर्ध्यात मिटते. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून काही ठरावीक वेळा भरते, थकीत ई-चलाने तिथे ठेवली जातात आणि तुमच्या फोनवर तशी सूचनाही येते. पण सवलत मिळेलच याची आधी कुणी हमी देत नाही. «यंदा निम्मे माफ» असे फॉरवर्ड प्रत्येक लोकअदालतीआधी फिरतात. सूचनेत अधिकृतपणे लिहिले असेल तेवढेच खरे माना. लोकअदालतीत मिटलेल्या प्रकरणावर अपील नसते, तेव्हा ज्या चलानवर तुमची खरी हरकत आहे ते तिथे मिटवू नका.

दुसरी अफवा: सहा महिने झाले की चलान आपोआप जाते. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला मुदत असते, तिथून ही गोष्ट आली. तो मुद्दा कोर्टात वकिलाने मांडायचा असतो. गाडीच्या नंबरावरची नोंद त्याने आपोआप पुसली जात नाही, आणि पासिंगच्या खिडकीवरचा माणूस तुमचे कायद्याचे ज्ञान ऐकून घेत नाही.

पासिंग किंवा परमिटची तारीख जवळ असेल तर किमान महिनाभर आधी सगळी चलाने तपासा. भरलेले चलान दुसऱ्या यंत्रणेत भरल्यासारखे दिसायला कधी कधी वेळ लागतो. पासिंगचा स्लॉट गेला तर गाडी उभी राहते, आणि संपलेल्या फिटनेसवर रस्त्यावर आणली तर दंड आहेच, वर अपघात झाल्यास विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळते.

९. मालकाची गाडी असेल तर पैसे कुणाचे

कायद्याच्या नजरेत नोटीस मालकाला जाते, आणि कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होते हे मालकाने सांगायचे असते. व्यवहारात मालक थेट हिशोबातून कापतो. गाडी घेतानाच ठरवून घ्या, तोंडी नको, मेसेजवर: चालवण्याच्या चुकीचे चलान चालकाचे, कागद, पीयूसी, फिटनेस, दिवे, नंबरप्लेट यांचे मालकाचे. बहुतेक मालक याला हो म्हणतात. जो म्हणत नाही, त्याच्याकडे पीयूसी नक्की संपलेली असते.

शिफ्ट बदलताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढून दोघांनी ग्रुपवर टाका. कापलेल्या प्रत्येक चलानचा क्रमांक मागा. क्रमांक टाकून बघितला की तेच चलान दोघांकडून वसूल झालेले नाही ना, तेही कळते.

१०. महाराष्ट्राबाहेर जाताना

ऑल इंडिया टूरिस्ट परमिट असेल तर सीमेवर वेगळा कर नाही. नसेल तर त्या राज्याचा कर परिवहनच्या साइटवर आधी भरा आणि पावती छापून ठेवा, कारण सीमेवर नेट जाते. पॅसेंजरची यादी आणि बुकिंगचा तपशील सोबत हवा.

टूरिस्ट परमिटवर आपले पॅसेंजर घेऊन जाणे आणि त्यांनाच घेऊन परत येणे ठीक. तिथल्या तिथे स्थानिक भाडी मारणे म्हणजे परमिटच्या अटी मोडणे. गोव्यात हे सर्वात कडक आहे. तिथले टॅक्सीवाले एमएच पाटीवर बारीक लक्ष ठेवून असतात, आणि कळंगुट-बागाकडे बाहेरच्या गाडीत स्थानिक पॅसेंजर बसताना दिसला की पोलिसांच्या आधी तेच गोळा होतात. पणजीला पॅसेंजर सोडला आणि परतीचे भाडे नसेल तर रिकामी गाडी घेऊन निघा. तुमचेच पॅसेंजर दोन दिवस गोवा फिरणार असतील तर सगळ्या दिवसांचे बुकिंग एकाच पावतीवर, महाराष्ट्रातून निघण्याआधीच्या तारखेचे करून घ्या, आणि ती पावती परमिटसोबतच ठेवा.